आईचे वाईट पिक्चर

पिक्चरमधला माणूस तोंड उघडायच्या आत तो काय बोलणार हे मला कळतं, असा माझा जुना तोरा आहे. सगळ्याच पिक्चरचं नाही सांगत. पण ज्यात आकाशातून यानं उतरतात, पृथ्वीला भेगा पडतात, नाहीतर पांढऱ्या दाढीचा म्हातारा काठी आपटून डोंगर हलवतो, त्या पिक्चरमध्ये मी सहसा चुकत नाही. समुद्राची लाट इमारतीच्या वर गेली की कुणीतरी 'ये नहीं हो सकता' म्हणणार. दरवाजा तुटायच्या बेतात असला की एक जण मागे थांबून 'तुम लोग जाओ, मैं इन्हें रोकता हूँ' म्हणणार. आणि त्या म्हाताऱ्याला काहीही विचारा, तो सांगणार की जवाब तुम्हारे भीतर है.

हे पिक्चर मी पाहिले ते आईच्या घरी. रिसोडहून पाऊण तासावर आमचं गाव. तिथे आई, माझा मोठा भाऊ आणि वहिनी राहतात. मी कारंज्याला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, एकटीच राहते, आणि सुट्टी लागली की एसटीने गावी येते. दुपारी भाऊ-वहिनी शेतात गेलेले असत. आई टीव्हीसमोर धान्य निवडायला सूप घेऊन बसायची आणि इंग्रजीतून हिंदीत आणलेले हे पिक्चर एकामागून एक चालू असायचे. मी बाजूला उत्तरपत्रिका तपासत लोळायची आणि मान वर न करता प्रत्येक वाक्याचा शेवट नटाच्या आधी बोलून दाखवायची. एवढं शिकून मिळवलेली हुशारी कुठेतरी मिरवायला नको का.

आईला तोरा नव्हता, पण तिच्याकडे उत्तरं होती. दोन शास्त्रज्ञ तीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत काम करत असतात, तरी एक दुसऱ्याला म्हणतो, 'जैसा कि तुम जानते हो, हमारा सूरज मर रहा है.' आई सुपातला खडा बाजूला काढत म्हणायची, "त्याले माईत हाय तं सांगून कायले राह्यला?" खलनायक हिरोला साखळीने बांधून आपला सगळा बेत पहिल्यापासून समजावून सांगायला लागला की म्हणायची, "सांगाचं नाही नं बापा, करून टाकाचं." म्हाताऱ्याचं ते भीतरचं उत्तर आलं की, "मंग तुह्याजवळ एवढ्या दूर कायले आला तो?" आणि तिची सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच होती. "हे पोट्टे कवाचे निंगाले घरून. एकानं तरी इचारलं का, जेवला का म्हणून?" आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी हे विचारतात. यान भरून माणसं आणि कुणी कुणाला जेवला का विचारत नाही, याचं तिला खरोखर वाईट वाटायचं.

संवाद असे का होतात हे मी तिला वर्गात शिकवायच्या आवेशात समजावत असे. मूळ नट जेवढा वेळ ओठ हलवतो तेवढ्या वेळात हिंदी शब्द बसवावे लागतात, म्हणून उरलेली जागा 'मेरे दोस्त'ने भरतात. शिवाय लिहिणाऱ्याचा बघणाऱ्यावर भरवसा नसतो, म्हणून जे दिसतंय तेच पुन्हा बोलून दाखवतात. आई ऐकून घ्यायची आणि मला चहा ठेवायला पाठवायची.

एक गोष्ट मात्र मी तिथे असून तेव्हा मनावर घेतली नाही. समुद्रातून अख्खं शहर वर यायचं, पाणी निथळत, मनोऱ्यांमागून मनोरे, तेव्हा आईचं सूप थांबलेलं असायचं. "केवढं हाय वं हे," ती हळूच म्हणायची. पिक्चरकडून जे घ्यायचं ते ती घेत होती, आणि मी मात्र पुढचं वाक्य पकडण्यात गुंतलेली असे.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी आईच्या हातून चहाचा कप सुटला. कपाकडे बघत ती काहीतरी म्हणाली, आणि ते कुठल्याच भाषेत नव्हतं. आधी वाशिम, मग अकोला. डॉक्टरांनी जीव वाचवला. उजवा हात आणि पाय अधू झाले, तेही हळूहळू काठी धरून चालण्याइतके सुधारले. बोलणं मात्र गेलं ते आलं नाही. अकोल्याला बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की आईला सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. गावात दोघींचं भांडण लागलं की जिला बोलावणं यायचं, ती माझी आई पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवून 'त... त...' करत राहायची आणि मग रागाने तोंड फिरवायची. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

मी बिनपगारी रजा काढून गावी आले. रजा दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच होती. त्यानंतर दुपारभर आई घरात एकटी राहणार, कारण भाऊ-वहिनीला शेतात गेल्याशिवाय गत्यंतर नाही. ती पडली, गॅस चालू राहिला, काहीही झालं, तर तिला फोनवर सांगता आलं पाहिजे. निदान एक वाक्य, तिचं स्वतःचं. ते जमलं नाही तर नोकरी सोडून कायमचं गावी यायचं, हे मी मनात ठरवून टाकलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. बारा वर्षं तासिकेवर शिकवल्यावर ही नोकरी पक्की झाली होती. ती सोडायच्या विचाराने माझा जीव तुटत होता, आणि आई अशी असताना आपल्याला नोकरीचं सुचतंय याची लाजही वाटत होती.

बाईंनी चित्रांचे पत्ते दिले होते. कप, गाय, छत्री, कुलूप. आईने तिसऱ्या दिवशी ते हाताने बाजूला सारले. पौर्णिमेला आम्ही तिला बुद्धविहारात नेलं, तर वंदना तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटली, एक अक्षर न चुकता. भाऊ बाहेर जाऊन रडला. आम्हाला वाटलं, झालं, सुटलं. पण घरी आल्यावर चपलेचा पट्टा काढून दे म्हणायलाही तिच्याकडे शब्द नव्हता. बाई म्हणाल्या, पाठ केलेलं वेगळ्या वाटेने येतं, त्याच्याने पाणी मागता येत नाही.

जुलैमधली दुपार होती. टीव्हीवर एक उल्का पृथ्वीकडे निघाली होती. आई खुर्चीत होती आणि मी खाली बसून भेंडी चिरत होते. घरात कितीतरी आठवड्यांत कुणी नीट हसलं नव्हतं. शास्त्रज्ञाने पडद्याकडे बघून चष्मा काढला आणि माझी जुनी खोड उफाळून आली. मी म्हणाले, "ये नहीं हो..."

"सकता," आई म्हणाली.

इतकं स्वच्छ, की आधी मला तो टीव्हीचा आवाज वाटला. मी विळी बाजूला सरकवली. आईने डावा हात स्वतःच्या तोंडावर ठेवला होता, आत कोण बोललं हे चाचपून बघावं तसा. मी पुन्हा म्हणाले, "ये नहीं हो..." पुन्हा "सकता." तिसऱ्यांदा मी थांबले, तर तिने माझ्याकडे बघून भुवया उचलल्या, म्हणजे बोल की. जिला पाण्याला पाणी म्हणता येत नव्हतं, ती हिंदीत एका शास्त्रज्ञाचं वाक्य पुरं करत होती. मला भीती वाटली, आनंद झाला, आणि अंगावर काटा आला, हे सगळं एकाच वेळी.

मी अकोल्याच्या बाईंना फोन केला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्या वाक्याचा शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो, तिथे शब्द शोधावा लागत नाही. वाक्यच ओढून नेतं. आणि पिक्चरमधला माणूस कुणाशी तरी बोलत असतो, ते वंदनेसारखं नाही. तुम्ही पिक्चर चालू ठेवा." पुढचं वाक्य आधी कळतं म्हणून ज्या पिक्चरांना मी इतकी वर्षं नाकं मुरडली, त्याच कारणासाठी आता मला ते हवे होते. माझ्या हुशारीला कुणी जागेवर बसवलं असेल तर त्या दुपारने.

मग आमची पद्धत ठरली. रिमोट माझ्या हातात, अंगठा आवाज बंद करायच्या बटणावर. नट बोलायला लागला की वाक्य अर्ध्यावर येताच आवाज बंद. पडद्यावर त्याचे ओठ हलत राहायचे आणि उरलेले शब्द आईने घालायचे. 'इस दुनिया को सिर्फ तुम ही...' "बचा... सकते... हो." 'हमारे पास ज़्यादा वक़्त...' "नहीं है." पडद्यावर कुणी घामाघूम गोरा गडी, कमरेला प्रकाश फेकणारी बंदूक, आणि त्याच्या तोंडून माझ्या आईचा आवाज, किंचित घोगरा, एकेक अक्षर चाचपत येणारा. मी मराठी शिकवते, वाक्य म्हणजे काय याची व्याख्या फळ्यावर लिहून देते. पण माणसाच्या तोंडात एक शब्द दुसऱ्याच्या शेजारी येऊन कसा बसतो, त्याला किती बळ लागतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. कपाळाची शीर फुगायची, जीभ एका बाजूला अडायची, आणि मग तो शब्द यायचा. दिवसभरात असे दहा-पंधरा यायचे, आणि प्रत्येकाला मी थक्क होऊन बघत राहायची.

आता मी रद्दीतला रद्दी पिक्चर शोधायला लागले. पिक्चर जितका वाईट तितकी आई बोलकी. एकदा चुकून चांगला लागला. दूरच्या ग्रहावर एक बाप आणि लेक, बोलणं फार थोडं, आणि जे बोलतील ते आपल्या मनातही येणार नाही असं. मी भान हरपून बघत राहिले. आईला मात्र एकही शब्द धरता आला नाही, आणि अर्ध्या तासाने ती थकून भिंतीकडे वळली. मी ओशाळून चॅनेल बदललं. तिकडे एक राक्षस आपला सगळा बेत हिरोला समजावून सांगत होता. माझा जीव भांड्यात पडला.

हळूहळू ती वाक्यं खुर्ची सोडून घरात फिरायला लागली. वहिनी ताट उचलायला लागली की आई म्हणायची, "रुको." भाऊ औषधाची गोळी पुढे करायचा तर, "मुझे मजबूर मत करो." एक दिवस शेजारच्या काकू तिला बघायला आल्या. दारातून आत पाऊल टाकतात तोच आईने त्यांच्याकडे एकटक बघून, खालच्या आवाजात, अगदी सावकाश सांगितलं, "तुम्हें यहाँ... नहीं आना... चाहिए था." काकू दारातच थिजल्या. मी धावत जाऊन त्यांना पाट दिला, पाणी दिलं, सगळं समजावलं. त्या बसल्या, पण जाईपर्यंत आईच्या समोर बसल्या नाहीत. त्या दिवशी आम्ही तिघं पोट धरून हसलो. आईही हसली, आवाज न करता, खांदे हलवत.

पण हसून झालं की मी ती वाक्यं मनात तपासून बघायची. ही वाक्यं तिची नव्हती. कुणीतरी मुंबईतल्या एखाद्या खोलीत बसून गोऱ्या नटाच्या ओठांवर बसवलेली ती वाक्यं. फोनवर ती म्हणणार काय, 'हमारे पास ज़्यादा वक़्त नहीं है'? पाय घसरला आहे की छातीत दुखतंय हे त्यातून मला कसं कळणार? सप्टेंबर संपला तसा मी राजीनाम्याचा कागद लिहिला आणि पर्समध्ये ठेवून दिला.

त्या दिवसांत भाऊ रोज सकाळी गावातल्या सेवा केंद्रात जायचा. शेताची काहीतरी नोंद ऑनलाइन करायची होती. रोज परत येऊन चप्पल काढता काढता तो एकच सांगायचा, "पोर्टल बंद हाय." आमच्याकडे हा शब्द आता शेळ्या राखणाऱ्या म्हातारीलाही ठाऊक आहे. पोर्टल कशाला म्हणतात हे कुणी विचारत नाही, ते आज उघडलं का एवढंच विचारतात. चौथ्या दिवशीही भाऊ तसाच परत आला, तेच बोलला आणि हातपाय धुऊन जेवायला बसला.

टीव्हीवर दोन दगडी खांबांच्या मधे निळ्या उजेडाचं एक मोठं कडं फिरत होतं. कड्याच्या पलीकडे दुसरं आभाळ दिसत होतं, त्यात दोन चंद्र. तलवारी घेतलेली माणसं त्याच्याकडे जीव घेऊन पळत होती. सगळ्यांच्या पुढचा वळून ओरडला, 'जल्दी करो, पोर्टल बंद...'

मी आवाज बंद केला आणि 'होने वाला है'ची वाट बघायला लागले. आईने निळ्या कड्याकडे बघितलं. मग मान वळवून जेवणाऱ्या भावाकडे बघितलं. कपाळाची शीर फुगली.

"रोजच... बंद... राह्यते."

भावाचा घास हातातच राहिला. हे वाक्य तिला कुणी अर्धं करून दिलं नव्हतं. ते पिक्चरमध्ये नव्हतं, वंदनेत नव्हतं, बाईंच्या पत्त्यांवर नव्हतं. ते वऱ्हाडी होतं. मी विचारलं, "आई, तुले ते आपलं पोर्टल वाटलं का?" तिच्या ओठाचा डावा कोपरा, जो नीट हलतो तो, थोडा वर गेला. त्या क्षणी तिला दोन पोर्टलांमधला फरक खरंच कळला नव्हता, की पाच महिन्यांच्या मुकेपणानंतर तिने पहिलं वाक्य थट्टेसाठी खर्च केलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. भाऊ म्हणतो थट्टा. वहिनी म्हणते चूक. मला दोन्हींत सारखंच आश्चर्य वाटतं.

पडद्यावर ते कडं मिटत आलं होतं, आवाज बंदच होता, आणि कुणाला त्याच्याशी देणंघेणं उरलं नव्हतं. तीन शब्द. मी आईच्या तोंडाकडे बघत बसले होते. समुद्रातून शहर वर येताना ती सूप थांबवून काय बघत असेल, ते मला त्या दुपारी कळलं.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. त्यानंतर चार दिवस ती एक शब्दही स्वतःचा बोलली नाही. मग एकदा "मीठ" म्हणाली, मग "थंडी हाय," मग पुन्हा आठवडाभर राक्षसांची आणि शास्त्रज्ञांचीच भाषा. दिवाळी झाली. भाऊ म्हणाला, "तू जाय. काही झालं तं आई फोन करन." वहिनीने आईच्या साध्या फोनवर दोनचं बटण दाबून ठेवायचं, की मला लागतो, हे तिच्याकडून पन्नासदा करून घेतलं होतं. बटण ती बरोबर दाबायची. मी समोर बसून फोन उचलायची, आणि ती माझ्याकडे बघून नुसती हसायची. राजीनामा पर्समध्ये तसाच घेऊन मी कारंज्याला आले.

नवव्या दिवशी, दुसरा तास संपून तिसरा सुरू व्हायच्या मधे, फोन वाजला. आईचा होता. मी वर्गातून व्हरांड्यात आले.

"आई?"

पलीकडे नुसता श्वास होता, आणि मागे टीव्हीवर काहीतरी कोसळत होतं. "आई, पडली का?" श्वास. "गॅस चालू राह्यला का? छातीत दुखून राह्यलं का?" श्वास जोरात यायला लागला. मग मला पद्धत आठवली, आणि मी प्रत्येक वाक्य अर्धं सोडायला लागले, शेवटचा शब्द तिने उचलावा म्हणून. "आई, पाय घस... मले चक्कर... वहिनी घरी..."

"न," आई म्हणाली. "न. न."

"मंग गोळी... गोळी घ्यायची राहू... दार उघडं..."

"चूप वं," आई म्हणाली. "मले... बोलू दे."

मी चूप झाले. तासाची घंटा वाजली, मुली वर्गात गेल्या, व्हरांडा रिकामा झाला. मी फोन कानाला घट्ट लावून उभी राहिले. पलीकडे आई शब्द शोधत होती, आणि तिला काय म्हणायचं आहे याचा मला काहीएक अंदाज नव्हता.